नाळीची भाजी तोडण्याआधी तलाव कुठला ते बघा

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. सासर भंडारा जिल्ह्यातलं. गावच्या तलावाच्या काठाने पसरणारी नाळीची भाजी सासूबाई दर पावसाळ्यात करतात. आता नागपुरात घराजवळच्या तलावातही तीच वेल दिसते, फुलंही तशीच फिकट जांभळी. पण शेजारी म्हणाले, "अहो, ती बेशरम आहे, विषारी असते." तर ही भाजी खावी का, शहरातल्या तलावातली चालेल का, कोवळे शेंडे कच्चे सॅलडमध्ये घालता येतील का, आणि घरी टबात लावता येईल का?

आधी सरळ उत्तरं देतो. गावच्या तलावातली खा, पण शिजवून. शहरातल्या तलावातली नको, ओळख शंभर टक्के पटली तरी नको. तलावातली कच्ची तर कुठलीच नको. टबात मात्र जरूर लावा. आता कारणं.

नाळीचं शास्त्रीय नाव आयपोमिया अ‍ॅक्वाटिका. बंगाली लोक हिलाच कलमी शाक म्हणतात, आग्नेय आशियात ती कांगकाँग या नावाने रोजच्या जेवणात असते आणि शहरांतल्या मोठ्या भाजी दुकानांत हल्ली वॉटर स्पिनॅच अशी चिठ्ठी लावून मिळते. पालकाशी मात्र तिचं काही नातं नाही, ती रताळ्याच्या कुळातली. हे शास्त्रीय नाव पहिल्यांदा छापलं गेलं १७७५ साली, पेटर फोर्स्कोल या निसर्गअभ्यासकाच्या नोंदींतून. तो स्वतः १७६३मध्येच येमेनमध्ये आजारी पडून गेला होता. त्याचा सोबती नीबुर त्याच वर्षी मुंबईला पोचला आणि पुढे मायदेशी परतल्यावर त्याने मित्राचे कागद छापून घेतले. असो, हे जाता जाता.

शेजाऱ्यांना खोटं पाडायची घाई करू नका. बेशरमही आयपोमियाच आहे, आयपोमिया कार्निआ. दोघींची फुलं भोंग्याच्या आकाराची, गुलाबी-जांभळट छटेची, आत गडद गळा असलेली. दोघींचा देठ मोडला की दुधासारखा चीक येतो. पुष्कळ जण सांगतात, "दांडा पोकळ असेल तर नाळ." हे अर्धवट आहे, कारण बेशरमचा दांडाही आतून पोकळ असतो. फक्त या एका खुणेवर भाजी तोडणं धोक्याचं आहे.

मग बघायचं काय? पहिली गोष्ट, झाड उभं आहे की लोळतंय. बेशरम हे झुडूप आहे. माणसापेक्षा उंच जातं, खालचे दांडे लाकडासारखे टणक होतात, म्हणूनच लोक त्याचं कुंपण करतात. नाळ कधीच उभी राहत नाही. ती चिखलावर सरपटते नाहीतर पाण्यावर तरंगते, आणि दांडा बोटाएवढा जाड असला तरी नखाने सहज कापला जातो. दुसरी गोष्ट पेरं. नाळीच्या जवळजवळ प्रत्येक पेराला पाण्याशी किंवा चिखलाशी लागून पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या असतात. तिसरी गोष्ट पान. नाळीचं पान बाणाच्या टोकासारखं, तळाशी दोन कान मागे गेलेले. काही वेलींवर ते रुंद असतं, काहींवर इतकं अरुंद की भाल्यासारखं दिसतं, पण ते कान बहुधा असतातच. बेशरमचं पान बदामाच्या आकाराचं, टोकाला लांब निमुळतं आणि बऱ्याचदा हातभर नाही तरी वीतभर लांब. फुलंही बेशरमला झुबक्यांनी येतात. नाळीला पानाच्या बगलेत एखाददुसरंच येतं.

खरा घोटाळा होतो तो बेशरमच्या कोवळ्या फुटव्यांत. पाळीवरची बेशरम तोडून टाकली की तुकड्यांना चिखलात नवे कोंब फुटतात. ते मऊ असतात, पाण्याजवळ असतात आणि घाईत नाळीसोबत मुठीत येऊ शकतात. म्हणून जिथे दोन्ही शेजारी वाढतात तिथे काठावरून ओरबाडू नका. पाण्यावर तरंगणारी वेल ओढून घ्या आणि पेरावरच्या मुळ्या बघूनच शेंडा खुडा.

बेशरम विषारी आहे हे खरंच आहे. तिच्यात स्वेन्सोनिन नावाचं द्रव्य असतं. ते पेशींमध्ये साखरेचे काही गुंतागुंतीचे रेणू तोडणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. आठवडेच्या आठवडे ती खाल्लेल्या शेळ्यांची मान थरथरते, चाल डळमळते, पुढे त्या उठेनाशा होतात. एरवी गुरं तिला तोंड लावत नाहीत, चाऱ्याचा दुष्काळ असला तरच खातात. अमेरिका खंडातून आलेलं हे झुडूप विदर्भातल्या तलावांच्या काठांवर इतकं माजलं त्याचं एक कारण हेच, की त्याला खाणारं कोणी नाही. नाळ मात्र म्हशी आवडीने खातात.

नाळीशी गल्लत होईल अशी आणखी एक वनस्पती शहरांजवळच्या पाण्यात फार दिसते. तिचाही दांडा पोकळ, तीही तरंगते. पण तिची पानं पेरावर समोरासमोर जोडीने येतात आणि फुलं पांढऱ्या, कागदी, छोट्या गोंड्यांसारखी असतात. ही अलिगेटर वीड. नाळीचं पान नेहमी एकाआड एक येतं. जोडीने दिसलं की सोडून द्या.

एक सवय लावून घ्या. नाळीला फुलं प्रामुख्याने पावसाळा सरताना, दिवस लहान होऊ लागले की येतात. भाजी मात्र आषाढ-श्रावणात चांगली लागते. म्हणजे तोडायच्या वेळी फूल हाताशी नसतं. या हिवाळ्यात सासरी जाल तेव्हा सासूबाईंबरोबर काठाने फिरून कुठला पट्टा नाळीचा आहे ते फुलावर असतानाच पाहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यातून तोडा. अनोळखी जागेचा मोह नको. सासूबाई कुठल्याही वर्णनापेक्षा भरवशाच्या आहेत, त्यांनी हातात घेऊन दाखवलेली वेल एकदा बघितली की यातलं निम्मं वाचायची गरज उरत नाही.

आता पाणी. ओळखीवर सगळे बोलतात, पाण्यावर फार कमी बोलतात, आणि माझ्या मते लोकांना खरा त्रास तिथूनच होतो. बेशरमची भाजी करून खाल्लेला माणूस मला क्वचितच भेटतो. नाल्याच्या तोंडाशी वाढलेली टवटवीत नाळ खुडणारी मंडळी मात्र दर पावसाळ्यात दिसतात.

नाळ पाण्यात जे असेल ते उचलते. शिसं, कॅडमियम, पारा यांसारखे धातू ती मुळांत आणि काही प्रमाणात पानांतही साठवते. बँकॉकच्या आसपासच्या पाण्यात वाढलेल्या नाळीवर याचे अभ्यास झालेले आहेत. सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी ती लावून बघतात तेही याच गुणामुळे. जी वनस्पती पाणी गाळायला वापरता येते, तीच त्या पाण्यातून काढून ताटात घेण्यात काय अर्थ आहे?

त्यातून गंमत अशी, की घाण पाण्यातली नाळ दिसायला जास्त चांगली असते. सांडपाण्यात नत्र भरपूर, त्यामुळे पानं रुंद, गडद हिरवी, दांडे जाड आणि रसरशीत. स्वच्छ, पावसाच्या पाण्याच्या तलावातली नाळ त्यापुढे किरकोळ वाटते, दांडा बारीक आणि कधी लालसर. बाजारात जुडी निवडताना जी नजर लावतो तीच इथे लावली तर नेमकी नको ती भाजी हातात येते.

लोकांचा भाबडा विश्वास असतो, "उकळली की सगळं जातं." काय जातं आणि काय जात नाही ते नीट समजून घ्या. शिजवल्याने जंतू मरतात, कृमींची अंडी आणि कोष मरतात. धातू जात नाहीत, कारण ते जळत नाहीत. उकळलेलं पाणी फेकून दिलं तर थोडे कमी होतील, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. हिरव्या रंगासारखा थर तयार करणारं जे नील-हरित शेवाळ साचलेल्या पाण्यावर येतं, त्याची काही विषंही उकळून नष्ट होत नाहीत आणि ती यकृताला बाधतात. शेतातून वाहून आलेल्या कीटकनाशकांचंही तसंच, शिजवण्याचा भरवसा नाही. थोडक्यात, चूल जिवंत गोष्टींवर चालते, रसायनांवर नाही. म्हणून रसायनांचा बंदोबस्त तलाव निवडतानाच करायचा.

तलाव कसा निवडायचा? पाणी येतं कुठून ते आधी विचारा. पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांना, म्हणजे मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या जुन्या गावतलावांना, वरच्या जंगलातलं आणि माळावरचं पावसाचं पाणी मिळतं, चांगल्या पावसात ते सांडव्यावरून वाहतात आणि दरवर्षी बरंचसं पाणी बदलतं. असा तलाव, वर वस्ती नाही, वरच्या अंगाला धानाला नुकतीच फवारणी झालेली नाही, तर मला हरकत दिसत नाही. फवारणी झाली असेल आणि त्यानंतर जोराचा पाऊस येऊन गेला असेल, तर दोनेक आठवडे थांबा. गावाची गटारं जिथे तलावाला मिळतात तो कोपरा सोडा आणि समोरच्या, जंगलाकडच्या काठाला जा.

शहरातल्या तलावांत यातलं काहीच धड नसतं. पावसाळी नाल्यांना घरांची गटारं जोडलेली, आजूबाजूला गॅरेज आणि धुलाईची दुकानं, रस्त्यावरचं तेलकट पाणी थेट आत. वर्षानुवर्षं मूर्तींच्या विसर्जनातून रंग तळाशी बसलेले. विसर्जनाबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१०मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२०मध्ये त्या अधिक कडक केल्या, पण तळाच्या गाळात जे आधीच बसलंय ते सूचनांनी निघत नाही, आणि नाळीची मुळं त्याच गाळात असतात. नाग नदीच्या किंवा कुठल्याही नाल्याच्या काठची भाजी तर विचारातही घेऊ नका. चिखल काळा, कुजक्या अंड्याचा वास, पाण्यावर जलपर्णीची जाड चादर किंवा हिरवा तवंग, यांतलं एक जरी दिसलं तरी परत फिरा. पण लक्षात ठेवा, पाणी नितळ दिसतं म्हणून ते धातूंपासून मुक्त असतं असं नाही. म्हणूनच मी शहरातल्या तलावाला सरसकट नाही म्हणतो.

कच्च्या सॅलडचं वेगळं सांगतो, कारण परदेशी पाककृती बघून ही टूम वाढतेय. तलावाकाठी गुरं आणि डुकरं फिरतात. त्यांच्या शेणातून पर्णकृमींची, म्हणजे पानासारख्या चपट्या परजीवी जंतांची, अंडी पाण्यात पडतात, त्यांतून निघालेली पिल्लं गोगलगायींत वाढतात आणि शेवटी पाणवनस्पतींच्या पाना-दांड्यांना चिकटून कोष करून बसतात. हे कोष डोळ्यांना जाणवत नाहीत. डुकरांकडून माणसात येणारा आतड्यातला मोठा पर्णकृमी बिहार, उत्तर प्रदेशात माणसांमध्ये आढळलेला आहे. तो अशाच पाणवनस्पती कच्च्या खाल्ल्याने किंवा दातांनी सोलल्याने येतो, त्यात शिंगाडाही आला. मिठाच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये बुडवून हे कोष मरतीलच याची खात्री नाही. उष्णतेने मरतात. तेव्हा तलावातली नाळ नुसती वाफवून अर्धकच्ची ठेवू नका, व्यवस्थित शिजू द्या.

तोडणीबद्दल फार सांगायला नको. वरचा वीतभर शेंडा घ्या. वाकवल्यावर कट्‌कन तुटला तर कोवळा, दोरा निघाला तर जून. शक्यतो पाण्यात उतरू नका, बांबूच्या आकड्याने वेल ओढा. जळवा असतात, पाणदिवडही असतो. तो बिनविषारी असला तरी चावतो आणि त्याच्या चाव्याने माणूस घाबरून चिखलात घसरतो ते जास्त वाईट. मुळाकडची दोन-तीन पेरं शाबूत ठेवली तर आठवड्याभरात पुन्हा फुटवे येतात.

घरी आणल्यावर लगेच फ्रिजमध्ये कोंबू नका. नाळीला थंडी सोसत नाही, पानं काळपट पडतात. देठ पाण्यात बुडतील अशी भांड्यात उभी करून ओट्यावर ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी करा. धुताना दांडे उभे चिरा. पोकळीत बारीक गोगलगायी, किडे, चिखल शिरलेला असतो, आणि सबंध दांडा कितीही वेळा धुतला तरी तो निघत नाही. तीन पाण्यांतून काढा.

करायची पद्धत सासूबाईंना विचारा, ती माझ्यापेक्षा चांगली असणार. माझी साधी आहे. दांडे आणि पानं वेगवेगळी बारीक चिरायची. तेलात ठेचलेला लसूण भरपूर, हिरवी मिरची, कांदा, मग तासभर भिजवलेली मुगाची डाळ आणि दांडे. झाकण ठेवून डाळ बोटचेपी होऊ द्यायची. पानं शेवटी घालायची, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता. नाळ हळूहळू शिजवली की काळी पडते, चव बिघडत नाही पण भूक मरते. मीठ पानं आळल्यावरच घाला, कारण डोंगराएवढी दिसणारी भाजी मूठभर होते आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. डाळीऐवजी बेसन पेरलं तरी छान. ताक आणि बेसन लावून पातळ भाजी केली तर भाताबरोबर जाते. वाळलेले झिंगे घालून करतात ती तर माझी सगळ्यांत आवडती, पण शाकाहारी घरात हा विषय काढू नये.

गुणांबद्दल फार अवाजवी बोललं जातं म्हणून आकडे देतो. १०० ग्रॅम कच्च्या नाळीत ९२ ग्रॅमच्या वर पाणीच असतं. प्रथिनं सुमारे २.६ ग्रॅम, तंतू २ ग्रॅम, कॅल्शियम ७७ मिलिग्रॅम, लोह सुमारे १.७ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व ५५ मिलिग्रॅम, अ जीवनसत्त्वाचं पूर्वद्रव्यही चांगल्या प्रमाणात. म्हणजे ती एक चांगली पालेभाजी आहे, तेवढंच. एकट्या नाळीने रक्तातलं लोह वाढेल ही अपेक्षा धरू नका. क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, म्हणून उकळून पाणी फेकण्याची पद्धत स्वच्छ तलावातल्या भाजीला लावू नका. आयुर्वेदाच्या निघंटूंत हिला कलंबी म्हटलंय आणि अंगावर दूध वाढवणारी म्हणून तिचा उल्लेख येतो, बाळंतिणीला देण्याची पद्धत त्यातूनच आली असावी. द्यायला हरकत नाही, फक्त बाळंतिणीच्या ताटात जाणारी भाजी कुठल्या पाण्यातली आहे हे दुप्पट काटेकोरपणे बघा, कारण शिशाचा सगळ्यांत जास्त त्रास तान्ह्या बाळांना होतो. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तिच्यातल्या ऑक्झलेट या खडे वाढवू शकणाऱ्या द्रव्यामुळे ती रोज खाऊ नये, आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी कुठल्याही पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आता टब. नागपुरात राहून नाळ खायची असेल तर हाच मार्ग मला योग्य वाटतो, कारण माती आणि पाणी दोन्ही तुमच्या हातात राहतं. फूटभर खोल टब घ्या, भोक नसलेला. तळाशी अर्ध्यापर्यंत बागेतली माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. बी विकत आणलं तर रात्रभर भिजवून ओल्या चिखलात पेरा. वर पाणी साठवू नका, बुडालेलं बी कुजतं. रोपं बोटभर झाली की हळूहळू पाणी वाढवून मातीवर चार बोटं उभं ठेवा. गावाहून वेलीचे तुकडे आणलेत तर आणखी सोपं. तीन-चार पेरांचा तुकडा, दोन पेरं चिखलात, काही दिवसांत मुळ्या धरतात. हे तुकडे आधी नीट धुऊन, गोगलगायी आणि त्यांच्या अंड्यांचे चिकट पुंजके काढून मगच टबात लावा, नाहीतर तलावातला पाहुणा घरी येईल.

ऊन पाच-सहा तास हवं. उन्हाळ्यात नागपूरच्या उन्हालाही ती डगमगत नाही, फक्त टब कोरडा पडू देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत वाढ जवळजवळ थांबते, तेव्हा खत देऊन उपयोग नाही. पेरणीनंतर महिन्याभरात पहिली तोडणी, मग दर आठ-दहा दिवसांनी. जुनी पानं फिकट पिवळी पडू लागली की नत्र कमी पडलंय असं समजून थोडं शेणखताचं पाणी द्या. डास होऊ नयेत म्हणून दोन-चार गप्पी मासे सोडा, आणि मासे आहेत तोवर टबात कुठलंही औषध फवारू नका.

निवडून उरलेले दांडे नाल्यात, शेततळ्यात किंवा तलावात फेकू नका. एक पेर जिवंत राहिलं तरी नवी वेल होते. अमेरिकेत ती बाहेरून गेलेली, आणि तिथे तिची इतकी धास्ती आहे की संघराज्याच्या त्रासदायक तणांच्या यादीत तिचं नाव आहे. आपल्याकडे ती मूळचीच, पण छोट्या शेततळ्याचा पृष्ठभाग झाकून टाकायला तिला एक पावसाळा पुरतो. उरलेले दांडे उन्हात वाळवून मग खतात घाला.

बी धरायचं असेल तर पावसाळा सरताना एक वेल न खुडता सोडा. फुलं गेल्यावर गोलसर बोंडं येतात. ती तपकिरी होऊन वाळली की फुटायच्या आत काढा, बी सावलीत सुकवून कागदी पुडीत ठेवा आणि मार्च उजाडला की पेरा.